कललेलं कोठार आणि टकटकमामा

माझ्या मामाला लाकूड दिसलं की बोटाच्या पेराने वाजवून बघायची सवय होती. दार असो, टेबल असो, बसची बाकं असोत, आधी दोनदा टकटक, मग पुढचं बोलणं. त्यामुळे त्याचं खरं नाव त्याच्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक नव्हतं. सगळे त्याला टकटक म्हणत आणि आम्ही भाचरं टकटकमामा. मामी सांगायची, "पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्याकडे बघितलंच नाही हो. आमच्या दाराची चौकट वाजवत उभे! माझ्या आईला वाटलं, हा माणूस घरात यायची परवानगी मागतोय."

बाजारामागच्या बोळात त्याचं सुतारकामाचं दुकान होतं. पंचवीस वर्षं त्याने दारं, खिडक्या, कपाटं केली. पुढे तयार दारं मिळायला लागली, तीही घरपोच, आणि मामाचा रंधा खुंटीवर लटकून राहिला. मग त्याने दुसरा उद्योग धरला. जुनी घरं, गोठे, कोठारं पाडायची, त्यातलं चांगलं लाकूड वेगळं काढायचं आणि विकायचं. पंधरा वर्षांत त्याने तीस-बत्तीस इमारती उतरवल्या असतील. हात साफ होता. सकाळी उभी असलेली इमारत चौथ्या दिवशी संध्याकाळी ट्रकमध्ये आडवी.

म्हणून शहराबाहेरच्या एका शेताच्या मालकीणबाईंनी त्याला बोलावलं, तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं. मामाच्या गुडघ्यांनी स्कूटरशी काडीमोड घेतला होता, म्हणून त्या रविवारी मी त्याला सोडायला गेले.

कोठार शेताच्या कडेला, ओढ्याकडच्या अंगाला होतं. लांबलचक, उंच, वर काळवंडलेली कौलं, आणि आत सगळा सांगाडा लाकडाचा. दोन्ही बाजूंना सात-सात खांब, त्यांच्यावर आडव्या तुळया, वर वासे. आणि हे सगळं ओढ्याकडे कललेलं. दुरूनही डोळ्यांत भरावं इतकं. कोणीतरी हाक मारली म्हणून त्या बाजूला झुकून ऐकतंय, असं.

मालकीणबाई साठीच्या होत्या. उभ्याने बोलायच्या, मोजकं बोलायच्या. "दरवर्षी जास्त कलतंय. माझा भाऊ आला की ओरडतो, कुणाच्या अंगावर पडेल म्हणून. पाडून टाका. पत्र्याची शेड घालणार आहे. ट्रॅक्टर तरी नीट राहील."

मामाने "बरं" म्हटलं आणि आत जाऊन पहिला खांब वाजवला. मग दुसरा. तिसऱ्यापाशी तो थांबला. खिशातून चष्मा काढला, खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे नाक टेकवून बघायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"सांधा बघ."

मला सांधा म्हणजे दोन लाकडं एकत्र आलेली दिसत होती, बस.

"अगं, फट कुठे आहे?" मामा म्हणाला. "इमारत कलते तेव्हा आधी सांधे उघडतात. लाकडी खुंट्या वाकतात, खाचेत बसलेली कुसं सुटतात. माणूस लंगडायला लागला की कंबर दुखते तसं. इथे पोस्टकार्ड आत जाणार नाही. मग हे कललं कसं?"

बाई दारातूनच म्हणाल्या, "कसंही कललं असेल. पाडायचंच आहे ना?"

"पाडायचंच आहे," मामा म्हणाला. "पण मला जरा मोजू द्या."

बाईंनी खांदे उडवले. मामाने छताच्या तुळईला सुतळी बांधून ओळंबा सोडला. त्याचं टोक जिथे आलं तिथे जमिनीत एक खिळा ठोकला. "आता हे हलवू नका," तो बाईंना म्हणाला. "दर आठवड्याला येऊन बघतो. दरवर्षी कलतंय म्हणता ना, मग महिन्यात केसभर तरी सरकेल."

"आणि नाही सरकलं तर?"

"तर दुसरंच काहीतरी आहे."

घरी येताना तो स्कूटरवर मागे बसून माझ्या खांद्यावर बोटाने टकटक करत होता. रात्री जेवताना मामीने विचारलं, "पाडायला कधी सुरुवात?" मामा म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू." मामीने माझ्याकडे बघितलं, मी भाजीकडे.

त्या महिन्यात मामा चार वेळा ठरवून गेला आणि सहा-सात वेळा उगीच गेला. ओळंब्याचं टोक खिळ्यावरून हललं नाही. पण तोवर त्याला दुसराच नाद लागला होता. प्रत्येक सांध्यापाशी लाकडावर पटाशीने केलेल्या खुणा होत्या. एका रेघेची, दोन रेघांची, तीन रेघांची. खांबावर जी खूण, तीच त्याच्यावर बसणाऱ्या तुळईवर. धूळ पुसल्याशिवाय दिसत नव्हत्या, म्हणून तो कपडे धुवायचा ब्रश घेऊन जायचा. मामीने नवा ब्रश आणला, तोही गेला.

"आधी सगळं जमिनीवर आडवं ठेवून कापलं असणार," तो मला समजावून सांगायचा. "सांधे जुळवून बघितले, खुणा केल्या, परत सोडवलं, मग उभं केलं. कुठलं लाकूड कुठे जातं ते विसरू नये म्हणून खूण. पण गंमत बघ. घराकडच्या बाजूच्या रेघा सरळ आहेत, एका फटक्यात मारलेल्या. ओढ्याकडच्या तिरक्या आहेत आणि प्रत्येक रेघेच्या शेवटी छोटी शेपटी आहे. म्हणजे माणसं दोन."

"असतील की. एवढं मोठं काम एकटा कसं करेल?"

"ते झालंच. पण दोघांचं पटत होतं का?"

हा प्रश्न त्याला का पडला ते मला पुढच्या रविवारी कळलं. त्याने एका बाजूचे सगळे खांब मोजले होते, मग दुसऱ्या बाजूचे. मोजमापं एका जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून त्याने ती माझ्यापुढे धरली. घराकडच्या अंगाचे सातही खांब सारख्या उंचीचे. ओढ्याकडचे सातही सारख्या उंचीचे. पण ओढ्याकडचे घराकडच्यांपेक्षा दहा बोटांनी आखूड.

"कुजले असतील खालून," मी म्हटलं.

"सातही? मोजून दहा-दहा बोटं? वाळवी काय फूटपट्टी घेऊन बसते?" मामाचे डोळे असे चमकत होते की साठीचा माणूस आहे हे विसरायला व्हावं. "खांब दहा हात उंच. प्रत्येक हातामागे एक बोट कमी. अगं, दोघांच्या मापाच्या काठ्या वेगळ्या होत्या! एकाचा हात लांब, एकाचा आखूड. ठरलं असणार, दहा हाताचे खांब. दोघांनीही इमानेइतबारे दहा हात मोजले. आपापल्या काठीने!"

"आणि उभं करताना कळलं नाही?"

"कळलं असणार. पण तोवर सगळं कापून झालं होतं. सांधे काटकोनात कापलेले, म्हणजे तुळई उताराची झाली की खांब त्याच अंगाला कलणार. चूक कुणाची, यावर दोघे तिथेच भांडले असतील." मामा आनंदाने हसला. "हे कोठार कललेलं नाहीये. हे असंच उभं केलंय. पहिल्या दिवसापासून असंच आहे."

मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. तो खांबाला पाठ लावून खाली बसला.

"मी तीस पाडली," तो म्हणाला. "त्या तिसांत काय काय होतं, मला काय माहीत. एकातही मी ब्रश फिरवला नाही."

मी खाली पडलेला ब्रश उचलून त्याच्या पिशवीत ठेवला.

बाईंना मात्र हे सगळं ऐकून फारसा फरक पडला नाही. "जन्मापासून वाकडं असेल, पण खालचे पाय कुजलेत ते तर खरं ना?" त्या म्हणाल्या, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. ओढ्याकडच्या पाच खांबांचे पाय ओलीने खाल्ले होते. पण त्या खांबांना गुडघ्याइतक्या उंचीवर लोखंडी पट्ट्या आवळलेल्या होत्या, गाडीच्या चाकावरची जुनी धाव कापून केलेल्या, आणि आतून लाकडाच्या पाचरी मारलेल्या. त्या पट्ट्यांनीच ते पाय धरून ठेवले होते.

"हे कुणी केलं?" मामाने विचारलं.

"बाबांनी. मी लहान असताना मोठं वादळ झालं होतं, अर्धी कौलं उडाली. त्यानंतर केलं बाबांनी."

मामा शेवटच्या खांबापाशी गुडघे टेकून बसला. हा खांब कोपऱ्यात होता, उजव्या अंगाला दगडी भिंत, मध्ये जेमतेम वीतभर जागा. त्याने पट्टीवरचे खिळे बघितले. मग पिशवीतून हातोडी काढून मारल्यासारखी फिरवली. हात भिंतीवर आपटला. "आई गं," म्हणत त्याने बोटं तोंडात घातली. मग हातोडी डाव्या हातात घेतली आणि फिरवली. मोकळी फिरली.

तो शेजारच्या खांबाकडे सरकला, मग त्याच्या शेजारच्या. पाचही खांब बघून आला तेव्हा पँटचे गुडघे पांढरे झाले होते.

"बाई, तुमचे वडील डावखुरे होते का?"

"नाही."

"नक्की?"

"चांगले उजवे होते. का?"

"कारण हे खिळे डावखुऱ्या माणसाने मारलेत. कोपऱ्यात उजव्याची हातोडी फिरतच नाही. आणि हे बघा, खिळा चुकून लाकडावर बसलेले घाव. चंद्रकोरीसारखे. पाचही खांबांवर खिळ्याच्या एकाच अंगाला, आणि ते अंग उजव्या माणसाचं नाही. जवळ राहणारा कुणी सुतार होता का तेव्हा? डावखुरा?"

बाई खाली वाकल्या. त्यांनी त्या चंद्रकोरींवरून बोट फिरवलं. एका, दोन, तीन. मग बोलल्या, पण मामाशी नाही, खांबाशी बोलल्यासारख्या.

"बाबा त्या वर्षी इथे नव्हतेच. दूर कामाला गेले होते. वादळानंतर सहा महिन्यांनी आले." मग पुन्हा एका चंद्रकोरीवर बोट ठेवून, "आई डावखुरी होती."

मामाने हातोडी पिशवीत ठेवली.

"कुणाला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "चारचौघांत सगळं उजव्या हाताने करायची. लोक हसायचे म्हणून. घरात कुणी नसलं की मग डाव्याने. मीच बघितलंय फक्त. भाजी चिरताना, शिवताना. मी आत आले की सुरी चटकन उजव्या हातात घ्यायची." त्या उभ्या राहिल्या. "बाबा आल्यावर म्हणाले, वा, कोठार उभं आहे! आई म्हणाली, हो, आहे. एवढंच. आणि नंतर आम्ही सगळे म्हणायला लागलो, बाबांनी वाचवलं. बाबांनीही कधी नाही म्हटलं नाही. त्यांना तरी आठवत होतं की नाही, देव जाणे."

"तुमच्या आईंनी कधी सांगितलं नाही?"

"आई कशाबद्दलच सांगायची नाही हो."

त्या दिवशी आम्ही निघताना बाईंनी चहा केला. कप देताना त्या मामाला म्हणाल्या, "या पट्ट्या काढायच्या नाहीत." पाडायचं नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण पट्ट्या काढायच्या नाहीत म्हटल्यावर खांब काढता येत नाहीत, आणि खांब राहिले की कोठार राहतं. मामाने मान डोलावली. व्यवहार तेवढ्यावरच ठरला.

पाडणाऱ्या माणसाला दुरुस्तीचं काम मिळालं म्हणून मामीने कपाळाला हात लावला. "उलटी गंगा! आता लाकूड विकायचं सोडून विकत घेणार का?" घेतलं, अर्थातच. पण सुरुवातीलाच एक अडचण आली. बाईंच्या भावाने, अंगावर पडेल म्हणून ओरडणाऱ्याने, एका इंजिनीअर मुलीला पाठवलं. हुशार होती, हातात लेझरचं यंत्र होतं. तिने अर्ध्या तासात कोठार मोजलं आणि म्हणाली, "काका, आधी हे तारांनी ओढून सरळ करू. मग पाय बदलू."

"सरळ केलं तर मोडेल," मामा म्हणाला.

"पण कललेली इमारत सरळ करतातच ना?"

"कललेली करतात. ही कललेली नाहीये."

मुलगी हसली. मामाने वाद घातला नाही, तो तिला खुणा दाखवायला घेऊन गेला. शेपटीवाल्या आणि बिनशेपटीच्या. दोन तास ते आत होते. बाहेर आले तेव्हा मुलीच्या केसांत जळमटं होती आणि ती मामाला विचारत होती, "पण काका, मग दोघांपैकी बरोबर काठी कुणाची होती?"

"हाच तर प्रश्न आहे!" मामा म्हणाला. दोघांनाही याचा इतका आनंद झालेला होता की मी उगीच स्कूटर घेऊन उभी आहे असं मला वाटलं.

काम आठ महिने चाललं. खांबांचे कुजलेले पाय वितीवितीने कापून त्यांना खालून नवं लाकूड सांधायचं होतं, आणि तेही वरचा भार जॅकवर तोलून धरून, पट्ट्यांना धक्का न लावता. मामाने त्यासाठी दोन काठ्या केल्या, एक लांब हाताची, एक आखूड हाताची. घराकडे काम करताना पहिली, ओढ्याकडे दुसरी. "त्यांच्या घरात त्यांच्या मापानेच वागायचं," तो म्हणायचा. नव्या लाकडावर त्याने प्रत्येक ठिकाणी चालू साल कोरलं, म्हणजे पुढे कुणी फसणार नाही, नवं ते नवं कळेल.

चौथ्या महिन्यात एक जॅक ओल्या मातीत घसरला आणि एक खांब बोटभर खाली बसला. असा आवाज झाला की बाई घरातून धावत आल्या. मामा खांबाला मिठी मारून उभा होता, जणू तो एकटा तो भार पेलणार होता. काही तुटलं नव्हतं. पण बाईंच्या आईची एक पट्टी तडकली होती, खिळ्यापाशीच. मामाचा चेहरा उतरला. "माझी चूक," तो म्हणाला. "खाली फळी घालायला हवी होती. मी घाई केली."

बाईंनी पट्टी बघितली. मग घरात जाऊन हातोडी आणि दोन खिळे घेऊन आल्या. मामाने हात पुढे केला, पण त्यांनी हातोडी दिली नाही. त्या खाली बसल्या, हातोडी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि तडकलेल्या टोकाच्या अलीकडे खिळा मारला. पहिला घाव लाकडावर बसला. दुसराही. तिसरा खिळ्यावर.

"तुम्ही पण?" मामाने विचारलं.

"मला लहानपणीच सोडायला लावलं," त्या म्हणाल्या. "आईनेच." आणि दुसरा खिळा उचलला.

कोठार आता उभं आहे. ओढ्याकडे कललेलं, जसं होतं तसं. ट्रॅक्टरसाठी शेजारी पत्र्याची शेड झाली, आणि बाईंच्या भावाचं म्हणणं असं की शेडच जास्त हलते वाऱ्याने. कोठारात बियाणं असतं, चारा असतो, आणि कधीमधी त्या इंजिनीअर मुलीबरोबर तिच्या कॉलेजची मुलं येतात. तिने कोठाराचा नकाशा काढून मामाला पाठवला होता. त्यात तिच्या कॉम्प्युटरने सवयीने सगळे खांब उभे सरळ काढले होते. मामाने तो परत पाठवला, वर पेन्सिलीने लिहिलं, "हे दुसऱ्या कुणाचं तरी कोठार आहे." तिने माफी मागून नवा काढला.

मामाने पाडण्याचं काम त्यानंतर सोडलं. म्हणजे त्याने तसं जाहीर वगैरे केलं नाही, पण कुणी बोलवायला आलं की तो आधी ब्रश घेऊन जायचा आणि मग महिनाभर उत्तरच द्यायचा नाही. कंटाळून लोक दुसऱ्याला बोलवायचे. काही कोठारं अशी पडलीच, पण पडायच्या आधी त्याने त्यांच्या खुणा वहीत उतरवून घेतल्या. अशा पाच वह्या आहेत. मामीने त्यांना प्लॅस्टिकची कव्हरं घातली आहेत आणि तिला विचारलं तर ती म्हणते, अडगळ आहे नुसती.

गेल्या हिवाळ्यात त्या इंजिनीअर मुलीचा फोन आला. डोंगरापलीकडे, तीन तासांच्या वाटेवर, एका शेतात जुना लाकडी गोठा आहे, तिने फोटो पाठवला होता. सांध्यावर रेघा होत्या, आणि रेघांना शेपट्या. मामा आता चौऱ्याहत्तर वर्षांचा. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं होतं. मामीनेही म्हटलं. मग मामीनेच डबा भरला आणि आम्ही गाडीने गेलो.

गोठा बुटका होता, पण काटकोनात, बाणासारखा सरळ. मामाने आखूड काठी आणली होती. पहिला खांब मोजला. बरोब्बर आठ हात. दुसऱ्या अंगाचा मोजला. आठ हात. सगळीकडे शेपटीवाल्या रेघा, बिनशेपटीची एकही नाही.

"एकटाच होता इथे," मामा म्हणाला.

"म्हणजे भांडण झालंच असणार दोघांचं," मी म्हटलं.

"किंवा हे आधीचं असेल. दुसरा अजून भेटायचा होता." तो वर बघत राहिला. वर, आढ्याच्या अंधारात, एका वाशावर काहीतरी कोरल्यासारखं दिसत होतं. रेघा नव्हत्या, काहीतरी गोलसर होतं. चित्र, की अक्षर, की नुसता किड्याने खाल्लेला भाग, खालून सांगता येत नव्हतं.

गोठ्याचा मालक दारात उभा राहून आमच्याकडे संशयाने बघत होता. ही माणसं नक्की काय विकायला आली आहेत, याचा तो अंदाज घेत असावा.

मामाने त्याच्याकडे वळून विचारलं, "दादा, घरात शिडी आहे का?"